मिगच्या शिडीपाशी

गोंदियाजवळच्या फुलचूर गावी योगराज रहांगडालेकडे सव्वीस लढाऊ विमानं होती. काही बोटभर लांबीची, काही हातभर. हंटर, नॅट, कॅनबरा, सुखोई, आणि मिग तर सहा. प्लास्टिकचे सुटे भाग कानशीनं घासून जोडलेले, वर रंग दिलेला, पत्र्याचे सांधे ब्लेडच्या टोकानं कोरलेले. पाहायला येणारे म्हणत, ही छताला दोऱ्यानं टांगा, उडताना किती छान दिसतील. योगराज मान हलवी, पण टांगत नसे. सगळी विमानं काचेच्या कपाटात आपापल्या चाकांवर उभी होती. वीस वर्षं वायुदलात फिटर म्हणून काढलेल्या माणसाला जमिनीवरचंच विमान ओळखीचं असतं, असं तो सांगे. ते खोटं नव्हतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नसे. सव्वीस विमानांच्या सव्वीस खुर्च्या रिकाम्या होत्या. विमानाच्या डब्यात बारकासा पायलटही येतो, हातपाय सुटे असलेला. योगराजनं त्यातला एकही जोडला नव्हता. ते सगळे कपाटाच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेलेच पडून होते.

सकाळी बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ पायलटांची छोटी विमानं फुलचूरवरून घरघरत जात. योगराज गच्चीवर खुर्ची टाकून बसे. किती गेली, किती परतली, हे मोजून होईपर्यंत तो खाली उतरत नसे. पोहे निवून जात. बायकोनं, शकुंतलाबाईनं, त्यावरून बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

गेल्या सप्टेंबरात वायुदलातली शेवटची मिग-२१ विमानं निवृत्त झाली. पेपरात फोटो आले. त्या निमित्तानं गोंदियातल्या रेल्वेलाइनजवळच्या वाचनालयानं दिवाळीनंतर तीन दिवसांचं प्रदर्शन ठरवलं आणि योगराजला गळ घातली. त्याच सुमारास गुलाबचंद घरी आला. हा शहरातला कापडवाला, सत्तरीचा, बोलण्यात निम्मी हिंदी. त्याच्या वडिलांनी कलकत्त्याहून आणलेले शिशाचे शिपाई त्यानं जिवापाड जपले होते, आणि स्वतः रंगवून वाढवतही नेले होते. पागोट्याचे शीख जवान, घोडेस्वार, बँडवाले, मशीनगनवाले, असे चारशेच्या वर.

"रहांगडाले साहब, तुमचे जहाज आणि माझे जवान एकत्र मांडू," तो चहा पिता पिता म्हणाला. "जहाज एकटं उभं राहिलं की शोरूममधल्या गाडीसारखं दिसते. नीचे आदमी पाहिजे."

"तुमचे शिपाई दोन इंचाचे," योगराज म्हणाला. "माझी विमानं बारीक मापाची. शिपाई पंखापेक्षा उंच दिसतील."

ते खरंच होतं. पण गुलाबचंदनं कपाटातल्या सगळ्यात मोठ्या मिगकडे बोट दाखवलं. हातभर लांबीचं, खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याचं. "याच्याजवळ माझे जवान बराबर बसतील."

योगराजला नाही म्हणायला कारण सुचलं नाही. जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

गुलाबचंद निघाला तेव्हा शकुंतलाबाई त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली, आणि परत येताना जरा हसत होती. योगराजनं विचारलं नाही. नवऱ्याला चकित करण्यासाठी तिनं अल्बममधला एक फोटो गुलाबचंदला दिला होता, हे त्याला प्रदर्शनाच्या सकाळी कळलं.

हॉलमध्ये मधोमध काचेचं टेबल होतं. त्यावर मोठं मिग उभं केलेलं, आजूबाजूला शिपाई. एका बाजूला बँड, दुसऱ्या बाजूला पहाऱ्यावरचे जवान. आणि मिगला टेकून एक इवलीशी शिडी. शिडीच्या पायथ्याशी नवा पायलट, काखेत हेल्मेट, मान वर. शिडीपाशी निळ्या डांगरीतला सडपातळ तरुण, दाट मिशीचा, उजवा हात उंच केलेला. मुठीतून लाल धागे लोंबत होते.

"ओळखलं?" गुलाबचंदनं विचारलं. "भाभीनं फोटो दिला. एक महिना लागला मला. हे लाल काय आहे ते समजलं नाही, पण फोटोत चार दिसले, गिनके चार टाकले."

योगराजनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोन इंचाचा तो तरुण योगराजच होता. बत्तीस वर्षांचा.

"छान झालं आहे," तो म्हणाला. मग खुर्ची शोधून बसला.

लाल धागे म्हणजे पिना. मिगमधल्या पायलटची खुर्ची बारुदावर चालते. विमान पडायला लागलं की पायलट हँडल ओढतो, खुर्ची त्याला घेऊन बाहेर फेकली जाते, आणि पॅराशूट उघडतं. जमिनीवर असताना ती चुकून उडू नये म्हणून तिला सेफ्टी पिना लावून ठेवतात. प्रत्येकीला लाल फीत. पायलट बसला, पट्टे आवळून झाले, की शिडीवरचा फिटर पिना काढतो, हात वर करून त्याला दाखवतो, पायलट मोजतो आणि अंगठा दाखवतो. योगराजच्या विमानाला चार पिना होत्या. एखादी जरी आत राहिली तर खुर्ची जागची हलत नाही.

एकोणचाळीस वर्षं झाली होती. राजस्थानातला एक तळ, मार्च महिना. पायलट होता फ्लाइंग ऑफिसर मॅथ्यू कुरियन, कोट्टयमकडचा, वय चोवीस. विमानानं जमीन सोडली आणि मिनिटभरात आवाज बंद झाला. धावपट्टीच्या पलीकडे मोहरीचं शेत होतं, तिथे धूर उठला. कुरियन बाहेर पडला नव्हता.

चौकशी बसली. इंजिनात पाखरू शिरलं, उंची फार कमी होती, बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, असा निकाल लागला. योगराजला एकच प्रश्न विचारला गेला. पिना काढून दाखवल्या होत्या का? तो ताठ उभा राहून म्हणाला, हो साहेब, चारही. काढलेल्या पिना ठेवायची कापडी पिशवी त्या धावपळीत कुठे गेली, ते कुणी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर त्यानं ती सकाळ आठवून पाहिली. शिडीचा गार पाइप आठवला. रॉकेलसारखा वास आठवला. कुरियनच्या हेल्मेटवरचा ओरखडा आठवला. पट्टे आवळताना त्यानं खांदा कसा उचलला, तेही आठवलं. पहिली पिन काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. पुढे काही नव्हतं. त्यानंतर थेट शिडी बाजूला ओढल्याचं आठवत होतं. मधला तुकडाच नव्हता. रोज सकाळी हजारदा केलेलं काम, त्या दिवशीही हातानं केलंच असणार, असं तो स्वतःला सांगे. पण केल्याची आठवण कुठे शोधूनही सापडत नसे. एकोणचाळीस वर्षं तो त्या जागी परत परत जाई, आणि तिसऱ्या पिनेपाशी जमीन संपे.

आणि इथे, काचेच्या टेबलावर, दुसऱ्याच कुठल्या सकाळच्या फोटोवरून, त्याच्या हातात चार होत्या. आणि शिडीच्या पायथ्याचा पायलट त्याच्या लेखी कुरियनच होता, अजून जमिनीवर.

पहिल्या दिवशी गर्दी बरी झाली. लोक वाकून वाकून पाहत. "हे तुमीच का?" असं विचारत, आणि योगराज "हाव" म्हणे. दुपारी माणसं पांगल्यावर तो टेबलाजवळ गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पायलट फिरला आहे. सकाळी त्याचं तोंड विमानाच्या नाकाकडे होतं. आता तो शिडीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत होता.

त्यानं गुलाबचंदला हाक मारली.

"मालगाडी," गुलाबचंद म्हणाला. "लाइन पन्नास कदमवर आहे. काच थरथरते. त्याचा पाया थोडा गोल राहिला, म्हणून फिरते. बाकीच्यांचे पाय चपटे आहेत." त्यानं पायलटला चिमटीत धरून पुन्हा नाकाकडे वळवलं.

संध्याकाळी बंद करायच्या वेळी तो पुन्हा वळलेला होता.

दुसऱ्या दिवशी योगराज मुद्दाम टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसला. मालगाडी आली की काचेला कापरं भरे. डोळ्यांना काही दिसत नसे, पण तीन मालगाड्या गेल्या की पायलटचा खांदा थोडा इकडे आलेला असे. आणखी दोन गेल्या की गाल दिसे. गुलाबचंदनं खाली मेणाचा ठिपका लावतो म्हटलं. "राहू द्या," योगराज म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो ते त्याला उमजेना. अकराच्या सुमाराला पायलटचं तोंड पुरतं वळलं. रंगाच्या दोन ठिपक्यांचे डोळे. ते रागावलेले नव्हते, दुःखीही नव्हते. कुणीतरी आपल्याला दाखवलेली वस्तू मोजायला थांबलेलं असावं, तसे होते.

योगराज उठला, डबाही न उघडता रिक्षा करून घरी आला.

शकुंतलाबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. "काऊन जी, आज लवकर आले?"

तो पायरीवर बसला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि सुरू केल्यावर थांबता आलं नाही. शिडी, पिना, चौकशी, हो साहेब. तिनं डाळीतला हात काढला नाही, पण निवडणं थांबलं होतं.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मले फोटो द्याले नाई पायजे होता."

"तुले का माहीत होतं?"

"माहीत नोतं. पण तुमी झोपेत मोजता. एक, दोन, तीन. अना थांबता. लगनापासून नाई, त्या राजस्थानातून आल्यापासून. मले वाटे, गावच्या धानाच्या बांध्या मोजून राहिले, वाटणीत गेलेल्या. मी म्हनो, जाऊ द्या, मोजू द्या."

योगराजनं पायरीवर पडलेली डाळ उचलून सुपात टाकली.

"इंद्रकुमार भाऊजी होते ना तवा तुमच्यासंगं?" तिनं विचारलं.

"होता. इंजिनवर होता तो. शिडीपासून दहा पावलांवर."

"त्याइले इचारलं कधी?"

"नाई."

"कायले नाई इचारलं?"

"त्यानं तीनच पायल्या म्हटलं असतं त?"

शकुंतलाबाईनं सूप खाली ठेवलं. "मंग आता लय चांगलं चालून राहिलं का तुमचं?" ती म्हणाली. "दुपारची गाडी आहे अर्जुनीची. डबा तसाच आहे, घेऊन जा."

इंद्रकुमार डोंगरे अर्जुनी-मोरगावचा. एकाच जिल्ह्यातले दोघं एकाच तुकडीत, म्हणून तिकडे परक्या मुलखात फार जवळ आलेले. परत आल्यावर मात्र भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या. भेटले की पाऊस, धान, गुडघे यांवर बोलत. त्या मार्चबद्दल कधीच नाही. योगराज गाडीत बसला तेव्हा बाहेर कापणी चालली होती, अर्ध्या बांध्या रिकाम्या, अर्ध्या पिवळ्या. कुणाच्या घरी एवढ्या वर्षांनी एक प्रश्न विचारायला जावं, आणि तोही डबा घेऊन, याचं त्याला मनातल्या मनात लाजिरवाणं वाटत होतं. दोन स्टेशनांवर उतरून परत फिरावं असंही वाटून गेलं.

इंद्रकुमार खळ्यावर होता. मळणीयंत्र धडधडत होतं, भुसा उडत होता. योगराजला पाहून त्यानं आधी ओळखलंच नाही, मग यंत्र बंद करायला लावलं. कान सुन्न होतील इतकी शांतता झाली.

"का गा, कोनी गेलं का?" इंद्रकुमारनं विचारलं. न कळवता आलेला माणूस म्हणजे वाईट बातमीच असणार.

"नाई. एक इचाराचं होतं."

तणसाच्या ढिगाशेजारी दोघं बसले. योगराजनं फिरवून बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "कुरियनच्या दिवशी," तो म्हणाला, "मी शिडीवरून पिना दाखवल्या, तवा तू पाहत होता. किती होत्या?"

इंद्रकुमार त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्या भुवयांवर भुसा बसला होता.

"पिनाचं इचाराले आला तू?"

"हाव."

"मले वाटलं, तू इंजिनाचं इचारशील." त्यानं मान खाली घातली. "एकोणचाळीस वर्षं वाट पाहून राहिलो मी, का हा कवा इचारते."

"इंजिनाचं काय?"

"त्या सकाळी इंजिन चालवून पायलं ना मी, तवा एक बारीक सूर होता त्याच्यात. रोजचा नोता. मी कान देल्ला, मंग तो गेला. मी म्हटलं, आपल्यालेच वाटलं असंल. सही केली." तो थांबला. "कागदावर पाखरू लिहिलं त्याइनं. मी त त्या शेतात तीन दिवस राख चाळली, राजा. एक पीस नाई पायलं."



"माझ्या पोरीच्या लगनात तू आला," इंद्रकुमार पुढे म्हणाला, "जेवला, आहेर देल्ला, अना त्या दिवसाचा एक शबद नाई काढला. मी समजलो, याले माहीत आहे. माहीत असून गप आहे. त्याच्यापक्षी तू शिवी देल्ली असती त बरं वाटलं असतं."

"मले काहीच माहीत नोतं," योगराज म्हणाला. "मी गप होतो, का तू पिनाचं बोलशील."

दूर कुणीतरी यंत्र चालू करू का म्हणून विचारलं. इंद्रकुमारनं हातानं थांबवलं.

"अना पिना?" योगराजनं पुन्हा विचारलं.

"नाई पायल्या गा मी. खोटं कायले सांगू. तू हात वर केला तो दिसला. मी इंजिनाकडं कान लावून होतो."

म्हणजे उत्तर नव्हतंच. ज्याच्या भीतीनं त्यानं एवढी वर्षं विचारणं टाळलं, ते उत्तर अर्जुनीत कधीच नव्हतं. योगराजनं डबा उघडला. दोघांनी त्यातल्या पोळ्या खाल्ल्या.

योगराज रात्री तिथेच राहिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गोंदियाला येऊन दोघं मिळून हॉलमध्ये शिरले. इंद्रकुमार टेबलाभोवती दोनदा फिरला. मिगच्या नाकातला शंकू किंचित पुढे आला आहे म्हणाला, आणि ते बरोबर होतं. मग शिडीजवळ वाकला आणि बराच वेळ उठला नाही.

गुलाबचंदला काल योगराज अचानक गेल्यापासून चैन नव्हतं. त्यानं बाजूला घेऊन विचारलं, "साहब, माझ्याकडून काही गलती झाली का?"

योगराजनं त्याला थोडक्यात सांगितलं. गुलाबचंदचा चेहरा उतरला. "मी ते दोघं काढून घेतो," तो म्हणाला.

"नको. तुमी पहिल्याच दिवशी बरोबर बोलले होते. खाली माणूस पायजे. मीच ठेवला नोता."

मग त्यानं गुलाबचंदकडे रंगकामाचा चिमटा मागितला. लाल धाग्यांपैकी एक तो चिमट्यात धरणार, तेवढ्यात इंद्रकुमारनं त्याचं मनगट धरलं.

"कायले काढतेस?"

"चार होत्या म्हणून मले सांगता येत नाई."

"मंग तीन होत्या म्हणून सांगता येते का?"

योगराजनं विचार केला. "नाई."

"त राहू दे."

चिमटा त्यानं परत केला. मग वाचनालयातून एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि खुर्चीत बसून, अक्षर सांभाळत लिहिलं: फ्लाइंग ऑफिसर मॅथ्यू कुरियन, वय चोवीस. विमान कोसळून मृत्यू, मार्च १९८६. त्याखाली थोडी जागा सोडून: फिटर योगराज रहांगडाले, इंजिन फिटर इंद्रकुमार डोंगरे. इंद्रकुमारनं आपलं नाव दोनदा वाचलं. मग त्यानंच कार्ड पायलटच्या पायाशी उभं केलं.

त्या दिवशी लोकांनी विचारलं तेव्हा योगराजनं पिना कशासाठी असतात ते सांगितलं. कुणी पुढे विचारलं की कुरियनचं काय झालं, तर तेही सांगितलं, आणि आपल्याला चौथी पिन आठवत नाही, हेही. काही लोक गडबडून पुढच्या टेबलाकडे सरकले. एक बाई, बहुधा जवळच्या मुर्री गावच्या, पदर सावरून कार्डासमोर हात जोडून गेल्या. इंद्रकुमार दिवसभर शेजारच्या खुर्चीत बसून होता. दर मालगाडीला दोघं काचेकडे पाहत आणि एकमेकांकडे पाहायचं टाळत.

संध्याकाळी विमानं खोक्यांत भरून फुलचूरला आणली. शकुंतलाबाईनं तिघांपुरता स्वयंपाक केला होता. जेवताना इंद्रकुमार एकाएकी म्हणाला, "त्याच्या बहिणीचं पत्र आलतं मले. सत्त्याऐंशी साली. सगळ्याइलेच पाठवलं असंल तिनं."

"मले नाई आलं," योगराज म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आलं असंल. मी केरळचा शिक्का पाहून फोडलं नसंल."

"का इचारलं होतं तिनं?" शकुंतलाबाईनं विचारलं.

"शेवटी काय बोलला म्हणून. बस, एवढंच. मी उत्तर नाई देल्लं. पत्र हाय अजून, ट्रंकेत. पत्ता हाय."

योगराजचा घास हातातच राहिला. पिनांपलीकडची आठवण शोधण्यात त्यानं अलीकडची कधी नीट पाहिलीच नव्हती. शिडी चढायच्या आधी कुरियन थांबला होता, आणि त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला होता, रहांगडाले, तुमच्या मिसेसनं पाठवलेले ते काळे लाडू संपले का? शकुंतलाबाईनं गावाहून मोहफुलांचे लाडू पाठवले होते. दोन उरले आहेत, परत आल्यावर देतो, असं योगराजनं म्हटलं होतं.

त्यानं ते सांगितलं. शकुंतलाबाई उठून आत गेली, आणि बराच वेळ आतच होती.

पत्र हिंदीत लिहायचं ठरलं, कारण तिघांपैकी कुणालाही तेवढं इंग्रजी येत नव्हतं. पहिल्या वाक्यावर तास गेला. पिनांबद्दल आणि इंजिनाबद्दल लिहायचं की नाही यावरून दोघांत वाद झाला, आणि शेवटी दोन्ही लिहिलं. लाडवाचं आधी लिहा, असं शकुंतलाबाईनं बजावलं. दुसऱ्या दिवशी पत्र रजिस्टर करून टाकलं. ती बहीण आता साठीच्या पलीकडे असेल, त्या घरात राहत असेल की नाही, असेल की नाही, कुणास ठाऊक.

धान घरात आलं, थंडी पडली. पत्राचं उत्तर आलं नाही, आणि पत्र परतही आलं नाही. दर रविवारी सकाळी अर्जुनीहून फोन येतो.

"आलं का गा?" इंद्रकुमार विचारतो.

"नाई," योगराज सांगतो.

मग थोडा वेळ दोघंही फोन कानाला लावून नुसतेच बसतात.